रविवारी चार ते सात

"स्वतःसाठी वेळ काढत जा गं" हे मला आजवर इतक्या लोकांनी सांगितलंय की त्यातल्या प्रत्येकाने सल्ला देण्याऐवजी अर्धा-अर्धा तास अण्णांजवळ येऊन बसायचं ठरवलं असतं तर माझा अख्खा मे महिना मोकळा निघाला असता. फॅमिली डॉक्टर सांगतात, ऑफिसातली चोवीस वर्षांची पोरगी सांगते, शाळेतली मैत्रीण फोनवर सांगते आणि त्याच फोनवर विचारते की तिच्या आईसाठी एअर बेड भाड्याने कुठे मिळेल. म्हणजे सांगणारीलाही माहितीये की हे कसं असतं, पण बोलायला दुसरं काही नसलं की माणूस हे बोलतो.

तर आधी आमच्या घरची परिस्थिती. मी कोथरूडला राहते, पन्नाशी ओलांडून झालीये, बँकेत नोकरी, मुलगी इंजिनियरिंगला बाहेरगावी. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी, आयुष्यभर वाईला गणिताचे मास्तर. आई गेली आणि तिच्या दिवसांतच आमच्या लक्षात आलं की अण्णांना किती होत होतं आणि आई किती झाकत होती. शर्टाची बटणं ती लावायची, भाकरी ती कुस्करून द्यायची, कुणी आलं की अण्णांच्या वतीने तीच बोलायची म्हणून त्यांचा आवाज किती बारीक झालाय हे कुणाला कळलंच नाही. अक्षरही बारीक होत होत मुंगीएवढं झालेलं. आम्हाला वाटायचं वय झालं. न्यूरॉलॉजिस्टने दोन मिनिटं चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली आणि म्हणाले पार्किन्सन्स आहे आणि बरेच दिवसांपासून असणार. मग वाईच्या घराला कुलूप आणि अण्णा आमच्या दुसऱ्या बेडरूममध्ये.

आता वेळ म्हणाल तर वेळ मिळतो. खोटं कशाला बोलू. सकाळी आठ ते रात्री आठ ब्युरोचा, म्हणजे पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा, मुलगा असतो. गोळ्या सातला, अकराला, तीनला, सातला, आणि त्या वेळेवरच जायला लागतात, जेवणाच्या निदान अर्धा तास आधी, कारण डाळ, दूध, पनीर असली प्रोटीनं त्या गोळीच्या आडवी येतात आणि मग गोळी घेऊनही माणूस लाकडासारखा कडक तो कडकच. पण हे सगळं धरूनही मी संध्याकाळी चहा घेऊन बाल्कनीत बसू शकते, बसतेही. हातात पुस्तक असतं. अर्धं पान वाचून होतं आणि लक्षात येतं की मी वाचत नाहीये, मी ऐकतीये. आत कॉट करकरली का? वॉकर सरकला का? बाथरूमचं दार वाजलं, पण आतून कडी तर नाही ना लावली? चहा माझा, खुर्ची माझी, वेळ माझी, पण कान आतल्या खोलीत. आणि जोवर कान तिकडे आहे तोवर ती वेळ माझी आहे असं म्हणण्यात काही अर्थ नाही, हे मला फार उशिरा नीट शब्दांत सांगता आलं. तोवर मी नुसती चिडचिड करायचे आणि घरातले म्हणायचे अगं बसली होतीस की आता तासभर.

सरकार एक सर्व्हे करतं, लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात त्याचा. २०२४ चा आला तेव्हा मी तो आवर्जून वाचला. १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के बायका घरातल्या कुणाची ना कुणाची देखभाल करतात आणि त्यांचे त्यात दिवसाला सरासरी १४० मिनिटं जातात. पुरुषांत हेच २१.४ टक्के आणि ७४ मिनिटं. (यात लहान मुलांचं करणंही धरलंय.) आकडा वाचून मला आधी वाटलं बघा, मी सांगत नव्हते का, पण मग त्यांची पद्धत वाचली. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, त्या वेळात काय केलं ते सांगायचं. आणि मी गंमत म्हणून माझा दिवस मांडायला बसले. रात्री दोन ते अडीच या रकान्यात काय लिहू? झोपले होते. पण दोन दहाला अण्णांना कूस बदलून दिली, दोन वीसला परत डोळा लागला, अडीचला पुन्हा जाग आली ती काही झालं नव्हतं म्हणून आली, इतकी शांतता का आहे ते बघायला. माझी १४० मिनिटं भरतातही आणि त्यांच्या बाहेर जे आहे ते त्याहून मोठं आहे.

माझ्या आईला स्वतःची वेळ हवी असं म्हणायची गरजच पडली नाही कारण तिला माहेरपण होतं. वर्षातून एकदा, मे महिन्यात, भोरला. आम्ही पोरं तिकडे जाम कंटाळायचो कारण आई तिथे गेली की नुसती झोपायची. दुपारी झोपायची, सकाळी उशिरा उठायची, आजी तिला चहा हातात आणून द्यायची, आणि आम्ही काही मागायला गेलो की आजी मधल्या मधेच आम्हाला हाकलायची. "तिला उठवू नका, काय पाहिजे ते मला सांगा." त्या वेळी मला यात काही विशेष दिसलं नाही. आता दिसतं. आजी आईला आराम कर असं सांगत नव्हती. आजी दारात उभी राहून आईच्या वाटचं ऐकत होती. पोरांची रड, दूधवाला, पाहुणे सगळं आजीच्या कानावर, आई त्या पंधरा दिवसांत कुणाचीच जबाबदार माणूस नव्हती. मलाही लग्नानंतर वाईला हेच मिळालं. थंडी सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटावर सुरू झाला की आई फोन करायची, येऊन जा. गेले की मुलगी आईच्या ताब्यात, मी माडीवर झोपायला, बाहेर अंगणात हळद वाळत घातलेली असायची तिचा वास यायचा, कुणी हाक मारली की खालून आई ओरडायची ती झोपलीये म्हणून.

आणि आता माझं माहेर माझ्याच घरातल्या दुसऱ्या बेडरूममध्ये आहे, त्याला चार वेळा गोळ्या द्यायच्या आहेत. आमच्या वयाच्या बायकांचं हे काहीतरी वेगळंच झालंय असं मला वाटतं, नुसतं काम वाढलं असं नाही, काम तर आईलाही होतं, आमच्याहून जास्त होतं, चूल होती, पाणी भरणं होतं. पण जिथे जाऊन काम खाली ठेवायचं ती जागाच कामाची झाली. मैत्रिणींशी बोलले तर प्रत्येकीचं तेच. एकीची आई तिच्याकडे, एकीचे दोघंही नाशकात आणि ही दर शनिवारी बस पकडून नाशकात, एकीला तर माहेरी जाते म्हटलं की पोटात गोळा येतो.

नवरा काय करतो असं विचारणार तुम्ही, सगळेच विचारतात. नवरा चांगला आहे, उगाच बिचाऱ्यावर ढकलणार नाही. अडचण अण्णांची आहे. अण्णांच्या पिढीच्या माणसाला जावयाच्या घरी राहायचं म्हणजे काय असतं ते मी रोज बघते. मुलाकडे असते तर हक्काने ओरडले असते. इथे ते पाहुण्यासारखे. जावयाकडून पाण्याचा ग्लाससुद्धा घेताना "तुम्ही कशाला, तुम्ही कशाला" चालू होतं, आणि संडासाला न्यायचं तर विचारूच नका, जावई घरात असेल आणि मी नसेन तर ते दाबून धरतात. म्हणजे मी बाहेर गेले तरी मला हे ठाऊक असतं की अण्णा मी यायची वाट बघत अवघडून बसलेत. मग काय जाणार कप्पाळ. भाजी घेऊन वीस मिनिटांत परत. नवरा म्हणायचा अगं मी आहे ना, आणि तो खरंच असायचा, त्याच्या असण्याचा अण्णांना उपयोग करता येत नव्हता इतकंच. यावर माझ्याकडे अजूनही पूर्ण उपाय नाही. युरिनलचं भांडं आता कॉटखाली असतं, ते स्वतःचं स्वतः वापरता येतं, त्याने निम्मा प्रश्न सुटला. उरलेला निम्मा तसाच आहे.

दादा हैदराबादला असतो. पैसे वेळेवर पाठवतो, रविवारी व्हिडिओ कॉल करतो, आणि शेवटी न चुकता "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे" म्हणतो. एकदा मला हे वाक्य ऐकून असं काही झालं की मी फोन ठेवला नाही, म्हटलं दादा, तुझ्या निर्धास्तपणाबद्दलच बोलायचंय. तो गडबडला. त्याला वाटलं मी अण्णांना तिकडे न्यायला सांगणार, लगेच वहिनीची शिफ्ट, लिफ्ट नसलेलं घर वगैरे सुरू झालं. मी म्हटलं न्यायचं नाहीये, तिकडूनच करायचंय. ब्युरोचा फोन आजपासून तुला येणार. मुलगा आला नाही, उशीर झाला, सुट्टीवर गेला, बदली माणूस पाहिजे, पगार, सगळं तू बघायचं. गोळ्या संपत आल्या की ऑनलाइन तू मागवायच्या. डॉक्टरची अपॉइंटमेंट तू घ्यायची. आणि रविवारी चार ते सात घरात काहीही झालं तर घरचे तुला फोन करणार, मला नाही, आणि अगदीच रक्तबिक्त आलं तर तू ठरवायचं की मला सांगायचं का.

शेवटच्या मुद्द्यावर तो म्हणाला, अगं मी इथून काय करणार? मी म्हटलं मी तरी तिथे बसून काय करते, कान देते. तो तू दे.

सुरुवातीला काय झालं ते सांगण्यासारखं आहे. ब्युरोने त्याला फोन केला, त्याने मला फोन केला. गोळ्यांचं नाव विचारायला मला फोन केला, ११० ची की १२५ ची विचारायला परत केला. हे मदत करणाऱ्यांचं सगळ्यांचंच असतं, काम ते करतात आणि काम आठवायचं आपण. मी एक वही केली आणि तिचे फोटो त्याला पाठवले. त्यात फक्त गोळ्यांचं नाही लिहिलं. दाराच्या उंबऱ्यापाशी अण्णांचे पाय जमिनीला चिकटतात तेव्हा ओढायचं नाही, फरशीवर मी रंगीत टेपच्या पट्ट्या मारल्यात त्या ओलांडायला सांगायचं, नाहीतर पाढे म्हणायला सांगायचं. हे खरं आहे, पार्किन्सन्समध्ये ठेका मिळाला की पाय उचलला जातो. लोक गाणी लावतात, आमच्याकडे दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, चालते. बाथरूमपर्यंत दिडकी आणि परत येताना कधी कधी अडीचकी. संध्याकाळी पडद्याजवळ कुणी बाई उभी आहे असं म्हणाले तर वाद घालायचा नाही, दिवा लावायचा, आणि वारंवार म्हणायला लागले तर डॉक्टरांना कळवायचं. हे सगळं त्याने वाचलं आणि रात्री मेसेज केला, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला मी काही उत्तर दिलं नाही. उत्तर काय देणार, खरंच होतं ते.

एक काम मात्र त्याला देता आलं नाही, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, बँकेत जायला नको, बोटांचे ठसे झिजलेल्यांची सोय झाली म्हणून मी खूश. ॲप म्हणतं डोळे मिचकावा. आणि पार्किन्सन्सच्या माणसाचं डोळे मिचकावणंच कमी झालेलं असतं! अण्णा एकटक मोबाईलकडे, मोबाईल एकटक अण्णांकडे. मी आपली अण्णा मिचकवा, अण्णा मिचकवा. शेवटी ब्युरोच्या मुलाने समोरून जोरात टाळी वाजवली, अण्णा दचकले, डोळे मिटले आणि सरकारच्या लेखी माझे वडील जिवंत आहेत हे सिद्ध झालं. अण्णा त्या दिवशी किती हसले, चेहरा फारसा हलत नाही पण खांदे हलतात त्यांचे हसताना.

या मुलाबद्दल पण लिहायला हवं. मराठवाड्यातला आहे, पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे टेकडीवर सोळाशे मीटर पळून मग आमच्याकडे येतो. याच्या आधीचे बरेच आले गेले, एक तर दुपारी झोपायचा आणि एकाने न सांगता यायचं बंद केलं. हा टिकला त्याचं कारण लेखी परीक्षेतलं अंकगणित. अण्णांना कळलं की याला काळ-काम-वेग येत नाही. झालं. गोळी लागू पडली की साधारण तासाभराने अण्णांचं गाडं चांगलं असतं, त्या तासात शिकवणी. आवाज ऐकू येत नाही म्हणून मुलगा अगदी तोंडाजवळ कान नेतो. त्या वेळात मला कुणी बोलवत नाही. जावयाकडून घेताना जो संकोच आहे तो याच्याकडून घेताना नाही कारण याला ते काहीतरी देतायत. हे मी काही ठरवून केलं नव्हतं, फुकटात मिळालं. रविवारी चार ते सातच्या वेळेला तो असतोच, त्या दिवशी जास्तीचे पैसे घेतो, ते दादा देतो.

तर आता रविवार.

पहिल्यांदा तीन तास मिळाले तेव्हा मी काय केलं तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत जाऊन झोपले. खरंच. सीट मागे करून. मग एकदा मैत्रिणीकडे गेले तर तीन तास दोघींनी आपापल्या आईवडिलांच्या पोटाच्या तक्रारींवर बोलण्यात घालवले. मॉलमध्ये गेले तर अण्णांसाठी मागे चेन असलेल्या पँटी शोधत फिरले. मग सुचलं ते मेट्रो. वनाझला चढायचं, रामवाडीपर्यंत जायचं, परत यायचं. कुठे पोचायचं नाहीये. डेक्कनची आणि संभाजी उद्यानाची ती पगडीची स्टेशनं येतात, मग नदी, मग जुन्या वाड्यांची छपरं वरून दिसतात जी मी इतकी वर्षं पुण्यात राहून वरून कधी बघितली नव्हती. सगळ्यात चांगलं म्हणजे मेट्रोत कुणालाही माझं काही नको असतं. लोक विचारतात की योगा का नाही करत, मेडिटेशन का नाही करत. करतील ज्यांना जमतं ते. मला डोळे मिटून बसलं की आतल्या खोलीतले आवाज येतात, चालत्या गाडीत येत नाहीत.

आणि तिथे बसल्यावर जे आत सुरू झालं ते मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं शांत वाटेल. आला तो राग. अण्णांचा राग. आजारी अण्णांचा नव्हे, त्या आधीच्या, कडक इस्त्रीच्या धोतरातल्या अण्णांचा, ज्यांनी मला बीएस्सीनंतर पुण्याला एमएस्सीला पाठवलं नाही आणि दादाला पाठवलं. तेव्हा मी काही बोलले नव्हते, कारण बोलायची पद्धत नव्हती, आणि नंतर संसारात विसरले असं मला वाटत होतं. आता रोज त्यांच्या तोंडात घास घालताना तो कुठेतरी होताच, मला वेळ नव्हता म्हणून ओळख पटली नाही. मी जेव्हा म्हणायचे की थकलेय, त्यातलं काही थकणं होतं आणि काही हे होतं. दोन्ही वेगळं कळल्यावर थकणं थकण्याएवढंच उरलं, असा माझा अनुभव. अण्णांशी यावर बोलणार का? मला नाही वाटत. त्यांना आता ते आठवेल का, आठवलं तर बोलता येईल का, आणि बोलता आलं तरी मला त्यांच्याकडून आता माफी हवीये का हे माझं मलाच नीट सांगता येत नाही. तसंही दादाला एमएस्सीचा काय उपयोग झाला, तो विमा विकतो.

दुसरं कळलं ते शरीराचं. माझी पाळी जाऊन दीडेक वर्ष झालं असेल, तो सगळा काळ अण्णांना आणायचा आणि बसवायचा होता, त्यामुळे रात्री घामाने भिजून जाग यायची ती अण्णांमुळे आली की माझ्यामुळे हे मी कधी बघितलंच नाही. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, माझी थोडी उशिरा, आणि नेमकं याच वयात आईवडील ऐंशीला टेकतात. दोन्ही गोष्टी एकाच कॅलेंडरवर. खांदा धरला होता तो अण्णांना उचलून असं मी ठरवून टाकलेलं. फिजिओ अण्णांसाठी घरी यायची, तिने मला हात वर करायला सांगितला, तो गेलाच नाही. ती म्हणाली हा फ्रोझन शोल्डर आहे, चाळीस ते साठ वयाच्या बायकांमध्ये खूप दिसतो, हे नुसतं उचलण्याने नाही. तिच्या फीचे आता दोन पेशंट.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, पेशंट आणि घरच्यांचं. तिथे मी अण्णांसाठी जायला लागले आणि थांबले ती माझ्यासाठी. तिथे कुणी स्वतःसाठी वेळ काढ म्हणत नाही. तिथे कुणीतरी सांगतं की रात्री कूस बदलायला जमत नसेल तर अंथरुणावर कमरेखाली साटीनचं कापड घाला, गुळगुळीत असतं, माणूस स्वतः सरकतो. मी घातलं. कॉटचा कठडा वर करून. अण्णा बऱ्याच रात्री आता स्वतःचे स्वतः वळतात आणि मला सलग चार तास झोप लागते. मला विचाराल तर गेल्या काळातली माझ्यासाठीची सगळ्यात मोठी भेट ते कापड आहे, मैत्रिणींनी दिलेल्या स्पाच्या व्हाउचरपेक्षा कितीतरी. (व्हाउचरची मुदत संपली.)

सरकारकडून काय मिळतं तेही आता पाठ झालंय. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च, उत्पन्न कितीही असो, हे २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालं, अण्णांचं काढून ठेवलंय. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. २००७ चा कायदा आहे ज्यात आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलींवरही तितकीच आहे, जे बरोबरच आहे. पण जबाबदारी घेणाऱ्याला वेळ कोण देणार? केंद्र सरकारच्या नोकरीत मुलांसाठी बायकांना ७३० दिवसांची रजा आहे. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी काय असं २०२५ च्या जुलैमध्ये राज्यसभेत विचारलं गेलं तर उत्तर आलं की वर्षाला तीस दिवसांची अर्जित रजा आहे की, ती त्यासाठीही वापरता येते. म्हणजे आपलीच सुट्टी. आमच्या बँकेतही माझी पीएल न्यूरॉलॉजिस्टच्या वेटिंग रूममध्येच खर्च होते. मुलगी लहान होती तेव्हा मी घरी लवकर निघाले की लोक कौतुकाने बघायचे, आता निघाले की घड्याळाकडे बघतात. लहान मूल रोज थोडं मोठं होतं, त्याची सगळ्यांना घाई समजते.

मी माझ्या म्हातारपणाचा विचारही त्या मेट्रोतच करते. मुलीला मी सांगून ठेवलंय की मला जावयाच्या घरी अवघडून बसायचं नाहीये, आम्ही दोन-चार मैत्रिणी मिळून एका मजल्यावर फ्लॅट घेऊ आणि ब्युरोचे दोन मुलगे सगळ्यांत मिळून ठेवू. ती म्हणाली आई तू आत्ता बावन्नची आहेस. मी म्हटलं आत्ताच लिफ्ट असलेली बिल्डिंग बघावी लागते, ऐंशीला नाही. ती हसली. तिने हसावं, तिचं वय आहे. पण मी खरंच बघतीये, बावधनकडे एक प्रोजेक्ट बघून आलो तिघी, रेट ऐकून परत आलो.

अण्णांना रविवारचं आधी आवडलं नव्हतं. चारला मी चप्पल घालायला लागले की त्यांचा हात जास्त थरथरायचा, हे खरं आहे, टेन्शन आलं की थरथर वाढते, आणि ते दिसलं की माझा पाय दारातून निघायचा नाही. त्यावर ब्युरोचा मुलगाच म्हणाला, ताई तुम्ही चारला नका सांगत जाऊ, जेवतानाच सांगून टाका आणि मी चारला पेपर सोडवायला बसतो. आता चार वाजता त्याचा सराव पेपर असतो, अण्णा घड्याळ लावून सुपरवायझर. मी कधी निघते तिकडे त्यांचं लक्षही नसतं. परवा तर मी परत आले, म्हटलं अण्णा आले, तर हात वर करून मला थांबवलं, अजून आठ मिनिटं बाकी होती.

मोबाईल मी सायलेंटवर ठेवते, दादाचा नंबर सोडून. एकदाच त्याचा फोन आला, माझ्या पोटात धस्स झालं, तर अडीचकी कशी म्हणतात ते विचारत होता, अण्णा व्हिडिओ कॉलवर अडले होते आणि पुढचं त्यालाही आठवेना. मला आठवत होती. मंगळवार पेठेच्या स्टेशनवर उभी राहून मी मोठ्यांदा म्हणून दाखवली, दोन कॉलेजची पोरं वळून बघायला लागली.

आता नवरा म्हणतोय की त्यालाही मेट्रोची सगळी स्टेशनं बघायचीयेत, रविवारी दोघं जाऊ या का. मी नाही म्हटलं. शनिवारी जाऊ म्हटलं. त्याला थोडं लागलं, संध्याकाळभर जरा गप्प होता, मग म्हणाला की अण्णांना रात्रीची सातची गोळी तो देईल, बघू या घेतायत का. घेतली. "तुम्ही कशाला, तुम्ही कशाला" म्हणत घेतली.